‘सील पॅकच द्या’ म्हणालो आणि तिथंच फसलो : कटर मशीन घेताना आलेला अनुभव

लिहायला चार महिने उशीर झालाय. त्याच वेळी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच झाल्या असत्या म्हणून थांबलो. आता डोकं जरा शांत आहे. सोलापुरात नाहीतर आसपास कुणी झाडं तोडायचं कटर मशीन, म्हणजे चेनसॉ, घ्यायच्या विचारात असेल तर पैसे द्यायच्या आधी एवढं वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकिलानं तोंड बंद ठेवायला सांगितलंय, त्यामुळं खाली कुणी नाव विचारू नका.

मी मोहोळ तालुक्यातला. तीन एकर शेती आणि जोडीला बारा वर्षं झाली झाडतोडीची कामं घेतो. बांधावरच्या वेड्या बाभळी काढणं, घरावर झुकलेला कडुलिंब उतरवणं, वळवाच्या आधी तारेला लागलेल्या फांद्या छाटणं, असली कामं. हे आधीच सांगतोय कारण ज्याला सांगावं तो पहिलं हेच म्हणतोय की "तुला कळत नव्हतं व्हय?" कळत होतं की. कळत होतं म्हणूनच फसलो, ते पुढं येतंयच.

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे २०२५ च्या, सीना नदीला पूर आला तो सगळ्यांना माहितीच आहे. लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला होता, इतकं पाणी. पाणी ओसरायला लागलं तसं नदीकाठच्या लोकांचे फोन सुरू झाले, कुणाच्या उसात बाभूळ आडवी, कुणाच्या विहिरीवर अख्खा लिंब येऊन पडलेला, मुळासकट. आणि नेमकं तेव्हाच माझं जुनं मशीन गेलं. पुतण्यानं घाईत कॅनमधलं नुसतं पेट्रोल ओतलं, ऑईल मिसळलेलं नव्हतं. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं इंजिन ऑईल नसतंय, जे काय वंगण मिळतंय ते पेट्रोलातनंच, त्यामुळं अर्ध्या तासात पिस्टन सिलेंडरला चिकटून बसला. पोराला बोललो नाही, घरातलं पाणी उपसून दोन रात्री झोपला नव्हता बिचारा.

पहिलं डीलरकडंच गेलो होतो, हे पण सांगतो. तिथं स्टिल कंपनीचं ७२ सीसीचं मशीन होतं, ३.९ किलोवॅटचं, रोजच्या कामाला आणि जाड बुंध्याला त्याला तोड नाही. किंमत साठ हजाराच्या वर. उसाचं बिल यायचं होतं, पुरात अर्धा ऊस लोळलेला, साठ हजार आणायचे कुठनं? "दिवाळीनंतर येतो" म्हणून निघालो आणि परत येताना दुसऱ्या एका दुकानाबाहेर नारंगी मशीनं ओळीनं लावलेली दिसली. बोर्डवर लिहिलेलं, पूरग्रस्त शेतकऱ्यांसाठी खास सवलत. आता विचार केला तर तो बोर्ड बघूनच माघारी फिरायला पाहिजे होतं.

मालक बोलायला लई गोड. "या मालक, बसा, च्या घ्या." सोलापुरात सगळेच एकमेकाला मालक म्हणतात, पण ह्याचं मालक म्हणणं जरा जास्तच तुपातलं होतं. मी सांगितलं की रोजचं काम आहे, दिवसाला पाच-सहा तास मशीन चालतंय, बुंधे जाड आहेत. तो म्हणाला मग ५८ सीसीच्या खाली जाऊच नका, आणि एक मशीन काढून दाखवलं. बॉडी चायनाची असते ह्या मशीनांची, ते मला माहितीच आहे, तोही तसंच म्हणाला, लपवलं नाही. "पण आतलं किट आम्ही वेगळं बसवून घेतो, ऑईल पंपाची गरारी मेटलची आहे, चेन थ्री-बाय-एटची, २२ इंची पट्टी." गरारी म्हणजे दातेरी चाक, पट्टी म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती, आणि थ्री-बाय-एट हे चेनच्या कड्यांचं माप, मोठ्या दातांची चेन. किंमत २१,५००. असलं साधं मशीन ऑनलाईन सहा-सात हजारालाही मिळतंय, ते मी बोललो, तर म्हणाला, "त्यात आणि ह्यात फरक काय ते हातानं बघा की. चला मागं."

मागं पत्र्याच्या शेडमध्ये लिंबाचा ओंडका ठेवलेला, फूटभर जाडीचा. त्यानं मशीन माझ्याच हातात दिलं. दुसऱ्या दोरीला चालू. ओंडक्यावर टेकवलं आणि काय सांगू, लोण्यात सुरी जावी तसं गेलं. भुसा बघितला, जाड जाड चिपा पडत होत्या, पीठ नव्हतं पडत, म्हणजे धार एक नंबर. पट्टीचं टोक खोक्याच्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस दिली तर पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे ऑईल पंप चालू. चेन ब्रेक मारला, चेन जागच्या जागी थांबली. मी एकेक बघत होतो आणि तो मान डोलवत होता, "मालक, तुमी जाणकार माणूस. नाहीतर लोक येतात, रंग बघून घेऊन जातात."

आता इथं बघा. पैसे काढायच्या वेळी मीच म्हणालो, "हे डेमोचं झालं, हजार लोकांनी चालवलेलं. मला हे नको, सील पॅक द्या." शब्दानं शब्द माझा. त्यानं जरा तोंड वाकडं केल्यासारखं केलं, म्हणजे जणू नुकसानच व्हायलंय त्याचं, आणि पोराला गोडाऊनमध्ये पाठवलं. पोरगा डबा घेऊन आला, वर पिवळी टेप, टेपवर सील. मी खूष. वाटलं डेमोचं जुनं मशीन गळ्यात मारायला बघत होता, आपण हुशारी केली.

डबा दुकानात का नाही उघडला? दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. घरी फोन केला तर बायको म्हणाली, नवं हत्यार आहे, पूजा झाल्याशिवाय उघडू नका. मलाही पटलं. दुकानदार तर हात जोडून, "बरोबर वैनीसाहेबांचं, हत्यार पूजेलाच उघडावं." त्याला काय, आयतंच झालं. हां, पैशाचं सांगायचं राहिलं. १५ हजार फोनवरून पाठवले आणि ६,५०० रोख. फोनवर पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला घरचंच खातं आहे. बिल पाहिजे म्हणालो तर, "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के वाढतील की मालक." तरी मी अडून बसलो तेव्हा एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलेलं ‘कटर मशीन १ नग’. बास. मॉडेल नाही, सीसी नाही, मशीनचा नंबर नाही. मी घडी घालून खिशात टाकला.

खंडेनवमीला सकाळी कोयता, कुऱ्हाड, विळे, सगळी हत्यारं मांडली, मधोमध डबा. पुतण्याला प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ काढायची सवय. हळदी-कुंकू वाहून टेप कापण्यापासून मशीन बाहेर काढेपर्यंत सगळं त्यानं शूट केलं, आणि मी "मोबाईल ठेव की रे बाजूला" म्हणून ओरडलोही. पुढं त्याच व्हिडिओनं मला जरा तरी तारलं, नाहीतर माझ्या हातात काहीच नव्हतं.

मशीन दिसायला डिट्टो तेच. तोच रंग, तोच ‘५८ सीसी’चा स्टिकर.

पहिल्या दिवशी पातळ फांद्याच होत्या, चाललं. चेन दोनदा सैल पडली, पण नवी चेन सुरुवातीला ताणतेच, गार झाल्यावर परत टाईट करायची, त्यात विशेष काय नाही. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या बुंध्याला लावलं तर जोर लागेना, अर्ध्यात गेलं की दम तोडायचं. तेव्हाही मला वाटलं पुराच्या लाकडाचा दोष आहे, सालीत सगळी वाळू आणि गाळ बसलेला असतो, धार दहा मिनिटांत जाते. कानस घेऊन बसलो, धार लावली, परत तेच. म्हणजे जी जी खोड दिसत होती तिचं कारण मलाच माहीत होतं. नवशिक्या असता तर पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन भांडला असता, मी मात्र बारा वर्षांचा अनुभव मशीनच्या बाजूनं वापरत होतो.

तिसऱ्या दिवशी पट्टी निळी पडली. हात लावून बघितलं तर चटका. पुठ्ठ्यासमोर रेस देऊन बघितली, तेलाचा थेंब नाही. टाकी भरलेली आणि तेल चेनला येतच नाही.

तरी चालवत होतो, कारण त्या शेतमालकाला ट्रॅक्टर घालायचा होता. आणि मग ते झालं. आडव्या फांदीत कापताना पट्टीचं टोक, टोकाचा वरचा भाग, मागच्या फांदीला लागला आणि मशीन उसळलं. किकबॅक म्हणतात त्याला, ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. एवढ्या वर्षांत दोन-तीनदा मशीन उसळलंय, पण दर वेळी पुढचं गार्ड मनगटाला लागून ब्रेक बसला आणि चेन थांबली. ह्या वेळी गार्ड लागलं, पुढं गेलं, खट् आवाजही आला आणि चेन फिरतच राहिली. डाव्या मांडीवर आली. पँट फाटली, आतली जाड बर्मुडा फाटली आणि कातडीवर नखानं ओरखडावं तेवढंच लागलं. ॲक्सिलरेटर सोडला होता म्हणून. नाहीतर मांडी गेली असती. पुतण्या समोर उभा होता, त्याचं तोंड पांढरं पडलेलं मी अजून विसरलो नाही. मशीन बंद करून बांधावर बसलो, अर्धा तास कुणी काही बोललं नाही.

घरी काहीच सांगितलं नाही. पँट बायकोनं धुण्यात बघितली तेव्हा कळलं तिला.

तरीसुद्धा, हे लिहायला लाज वाटते, मला वाटलं चेनच खराब निघाली असेल. सोलापूरला डीलरकडं जाऊन थ्री-बाय-एटची चांगली चेन घेतली, सोबत मशीन नेलं होतं बसवून बघायला. चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे ती फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, बसेचना, दात आणि कडी जुळेनात. काउंटरवरच्या माणसानं माझी जुनी चेन घेतली, सलग तीन रिवेट पकडून व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावला. "साडेसोळा मिलीमीटर. ह्याचं निम्मं करा, सव्वाआठ. ही पॉईंट थ्री-टू-फाईव्हची, लहान मापाची चेन आहे मालक, थ्री-बाय-एट कुणी सांगितली तुम्हाला?" मी गप्प. जी चेन मी दुकानाच्या शेडमध्ये चालवली ती थ्री-बाय-एटच होती, दात मोठे होते, मी डोळ्यांनी बघितलेले. तिथंच टाळक्यात उजेड पडला की शेडमधलं मशीन वेगळं आणि डब्यातलं वेगळं.

त्यानं एका मिस्त्रीचा पत्ता दिला. मिस्त्रीनं तासाभरात सगळं मोकळं केलं. साईड कव्हर काढलं तर ब्रेकचा पट्टा एका बाजूनं अडकवलेलाच नव्हता, नुसता ठेवलेला. ऑईल पंपाची गरारी प्लास्टिकची, दात झिजून गुळगुळीत. मग सिलेंडर काढला आणि व्हर्नियर लावला, बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, ४३ मिलीमीटर. पिस्टन खाली-वर करून स्ट्रोक मोजला, ३१. म्हणाला मोबाईल काढा, हिशेब तुम्हीच करा. ४.३ गुणिले ४.३ गुणिले ३.१, आलं ५७.३. मी म्हणालो, "मग बरोबर आहे की, ५८ च्या जवळपास!" तो हसला, "थांबा, बोअर गोल असतोय, चौकोनी नसतोय. ०.७८५ नं गुणा अजून." गुणलं. ४५. म्हणजे ४५ सीसीचं मशीन. ४५, ५२ आणि ५८, ह्या चायना मशीनांची बाहेरची बॉडी बहुतेक एकच असते, आतला सिलेंडर-पिस्टन बदलतो, त्यामुळं वरचा स्टिकर काय सांगतो ह्याला शून्य किंमत. स्टिकर नखानं उचकटला तर खाली दुसरा स्टिकर. त्यावर काय लिहिलं होतं तुम्ही ओळखलंच असेल.

मशीन, डबा, चेन सगळं घेऊन दुकानात गेलो. दाजींना सोबत घेतलं, ते जरा दणकट आहेत. तिथं तोच मालक, पण आता मालक-बिलक काही नाही, "काय पाहिजे?" सगळं सांगितलं तर शांतपणे म्हणाला, "हे आमचं मशीनच नाही. बिलावर नंबर दाखवा." बिलावर नंबर नव्हताच की. म्हणून तर तसलं बिल दिलेलं. दाजी तापले, बाचाबाची झाली, दोन गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली तेव्हा तो नरमला आणि वॉरंटी कार्ड काढा म्हणाला. कार्डवर सहा महिने वॉरंटी, गोल शिक्का, सगळं झकास. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं, पिस्टन, सिलेंडर, कार्बोरेटर, क्लच, पट्टी, चेन, प्लग ह्यांना वॉरंटी लागू नाही. दाजी म्हणाले, "मग लागू कशाला आहे बे, हँडलला?"

शेवटी म्हणाला, पाच हजार देतो, मशीन ठेवून जावा, मिटवून टाका. दाजी म्हणाले घे. मी नाही घेतले. पैशापेक्षा ब्रेकचा राग होता. सीसी कमी दिली, चेन हलकी दिली, ठीक आहे, चोरी आहे. पण ज्याचा ब्रेक लागत नाही असलं मशीन माणसाच्या हातात देतोस?

मग १९१५ वर फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून घेतली, दुकानाकडनं उत्तर आलं की सदर वस्तू आमची नाही. त्यानंतर वकिलाला भेटलो आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली, ई-जागृती पोर्टलवरनं ऑनलाईनच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथं फी नाही, आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दुकानदाराच्या बाजूनं पहिला मुद्दा आला की ह्यानं मशीन धंद्यासाठी घेतलंय, त्यामुळं हा ग्राहकच नाही. मला वाटलं संपलं. पण वकील म्हणाला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात मोजत नाहीत. मी काय कंपनी चालवतो? मी आणि पुतण्या, दोघंच.

आणि ते बिल. वकिलानं हातात घेतलं, जीएसटी नंबरावर पेनाचं टोक ठेवून एकेक अक्षर मोजलं. सुरुवात २७ नं, म्हणजे महाराष्ट्राचा कोड बरोबर. पण अक्षरं भरली १४. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतोय. खोटा नंबर छापताना एक अक्षर खाल्लं बाबानं. चार आठवडे ते बिल माझ्या पाकिटात होतं आणि मी एकदाही मोजलं नव्हतं. जीएसटीच्या वेबसाईटवर नंबर टाकला की दुकानाचं नाव येतं, दोन मिनिटांचं काम, दुकानात उभं राहून मोबाईलवर करता येतं.

म्हणून कुणी घेणारा असेल तर माझं म्हणणं एवढंच, जे मशीन चालवून बघितलं तेच उचला, वापरलेलं असलं तरी उचला, आणि सील पॅकच घ्यायचं असेल तर सील दुकानात फोडा, तिथंच पेट्रोल-ऑईल घालून तिथल्याच ओंडक्यावर चालवा, ब्रेक मारून बघा, पुठ्ठ्यावर तेल बघा, चेनचे तीन रिवेट मोजा, पूजा नंतर घरी करता येते, देव काय रागावत नाही. मशीनवर कोरलेला नंबर बिलावर स्वतःच्या डोळ्यांसमोर लिहून घ्या, स्टिकरवरचा नाही, धातूत कोरलेला. नंबर कोरलेलाच नसेल तर मशीन खाली ठेवा. आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाऐवजी दुसऱ्याच कुणाचं नाव आलं तर तिथंच थांबा. वर्षातनं चार फांद्या कापायच्या असतील तर सहा-सात हजाराचं साधं मशीन घ्या, त्याला माझी ना नाही, ते ४५ सीसीचं आहे हे माहीत असून घेतलं तर ते काही वाईट नसतंय. पण रोजचं काम असेल तर पार्ट सोलापुरात मिळतात का आणि दुरुस्त करणारा कोण आहे हे सीसीच्या आधी विचारा.

सध्या दाजींच्या ओळखीतनं एक जुनं मशीन भाड्यानं चालवतोय, दिवसाला ४०० रुपये. ते नारंगी मशीन मिस्त्रीनं जसं खोललं तसं पोत्यात भरून ठेवलंय आणि डबा पलंगाखाली, कारण वकील म्हणालाय काहीही फेकायचं नाही, टेपचा तुकडासुद्धा. पुढची तारीख मार्चमध्ये आहे. झाडताना केरसुणी डब्याला लागली की बायको विचारते, "हे कधी जायचं घरातनं?" पिवळ्या टेपवर तिनं लावलेलं हळदी-कुंकू अजून तसंच आहे.